अण्णांनी बिडी सोडली होती

शरीर काहीच विसरत नाही. माणसं विसरतात, गाव विसरतं, इतिहाससुद्धा सोयीनुसार विसरतो. पण पेशीपेशीवर एकदा जे कोरलं गेलं ते पुसलं जात नाही.

थोरल्या भावाच्या शोकसभेत, बोरीतल्या आमच्या गल्लीत टाकलेल्या सतरंजीवर उभा राहून मी हे म्हणालो. पुढच्या रांगेतल्या माना हलल्या. एकानं डोळेही पुसले. मी स्वतःवर बऱ्यापैकी खूश होऊन खाली बसलो. नंतर चहा घेताना माझी मुलगी जवळ आली. ती हैदराबादला एका प्रयोगशाळेत नेमकं याच विषयावर काम करते. ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही चूक बोललात. बरंच काही पुसलं जातं. मोठ्या काकांना मी तेच तर सांगितलं होतं."

मी परभणीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. ग्रंथपालाला पुस्तकांची पाठ जितकी ठाऊक असते तितकं पोट ठाऊक नसतं. त्यामुळे मी वाद घातला नाही. तिनं त्यांना काय सांगितलं होतं ते मला आठवत होतं. मीच तिथं बसलेलो होतो.

अण्णांचं, म्हणजे या थोरल्या भावाचं, बोरीत किराणा दुकान. वडिलांनी ते काढलं, अण्णांनी चालवलं. दुकानाच्या पुढच्या लाकडी खांबाला काथ्याची एक जाड दोरी लटकत असे. तिचं खालचं टोक दिवसभर धुमसत राहायचं. गिऱ्हाईक बिडीचं बंडल घेई, एक बिडी तोंडात धरून दोरीकडे वाके आणि पेटवून चालू लागे. माचिस कोण विकत घेणार? त्या दोरीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे खुद्द दुकानदार. मला कळायला लागल्यापासून अण्णांच्या उजव्या हाताला बिडीचा वास होता. डाव्या हाताला कधीच नव्हता, कारण आम्हा लिंगायतांत सकाळी आंघोळीनंतर गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. आईचा दंडक होता, "त्या हातानं महादेवाला घ्यायचं, ह्या हातानं काय मसणात घालायचं ते घाल." अण्णांनी ही वाटणी आयुष्यभर पाळली. भावाभावांतल्या वाटण्या मी पाहिल्यात, त्या इतक्या नीट पाळलेल्या पाहिल्या नाहीत.

त्यांनी बिडी सोडली ती कुणाच्या उपदेशानं नाही. एका सकाळी ते पूजेला बसले असताना खोकल्याची उबळ आली. ती इतकी जोराची होती की तळहातावरचं लिंग निसटून फरशीवर पडलं. आमच्याकडे ही साधी गोष्ट नाही. लिंग अंगावेगळं होणं म्हणजे माणूस निम्मा गेल्यासारखंच. स्वामींना बोलावून विधी झाला. कारण विचारल्यावर "हात थरथरला" एवढंच अण्णांनी सांगितलं. खरं कारण फक्त वैनींना माहीत होतं. त्या दिवशी अण्णांनी खिशातलं बंडल गल्ल्याशेजारच्या विकायच्या बंडलांत परत ठेवलं. फेकलं नाही, दुकानदार होते ते. खिशात खडीसाखर ठेवायला लागले.

पुढचे काही महिने घरात कुणी त्यांच्या वाटेला जात नसे. साखर मोजताना चिडायचे, तूरडाळ मोजताना चिडायचे. दोरी मात्र गिऱ्हाइकांसाठी तशीच लटकत होती. रोज सकाळी ती पेटवायचं काम त्यांचंच. शेवटी एके दिवशी त्यांनी ती काढून टाकली. यावर गावात जितकी नाराजी झाली तितकी ग्रामपंचायतीच्या नळाला पाणी न आल्यावरही झाली नव्हती.

"शेठ, दोरी कुठं गेली?"

"सुटली."

"आन् तुमची?"

"माझी बी."

"लय दिवस न्हाई टिकायची," गिऱ्हाईक म्हणे आणि पैज लावल्यासारखं हसे.

वर्षभरानं गावात व्यसनमुक्तीचा कार्यक्रम झाला. अध्यक्ष आमचे चुलतभाऊ. गावातल्या कुठल्याही कार्यक्रमाचे अध्यक्ष तेच असतात, कारण खुर्ची त्यांच्या घरून येते. अण्णांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. अध्यक्षीय भाषण फार थोडक्यात आटोपलं, कारण अध्यक्षांच्या गालात गुटख्याचा तोबरा होता. तरी "आदर्श" हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला आणि दोन्ही वेळा पहिल्या रांगेनं तोंडं फिरवली. ती शाल अण्णांनी वापरली नाही आणि कुणाला दिलीही नाही. ती ट्रंकेत होती.

गंमत अशी की शाल देऊनही कुणाचा विश्वास बसला नाही. लग्नात गेले की कुणीतरी बिडी पुढं करी. "सोडली," अण्णा म्हणत. "हां हां," समोरचा म्हणे आणि हात तसाच पुढं ठेवी. चार वर्षांनी तेच, आठ वर्षांनी तेच. गावात एखाद्याचं नाव एकदा पडलं की पडलं. पोरं त्यांना धूरवाले आजोबा म्हणत आणि त्यातल्या एकाही पोरानं त्यांना ओढताना पाहिलं नव्हतं.

एका दिवाळीला मुलगी आणि मी बोरीला गेलो होतो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. अण्णा पोत्यावर टेकून बसले होते. तिच्या कामाबद्दल त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते म्हणाले, "माय, तू म्हणं रक्तावरून सांगतीस कोन बिडी वढतंय ते?"

"मी एकटी नाही, पण हो. बरंच सांगता येतं."

"कसं काय?"

तिनं आधी मराठी शब्द शोधले, मग शोधणं सोडलं. "काका, प्रत्येक पेशीत एक पोथी असते, तिला डीएनए म्हणतात. तिची अक्षरं तुमच्या आईबापाकडून आलेली. बिडीनं होणारा जो बदल आम्ही बघतो त्यात ती अक्षरं बदलत नाहीत. पण अक्षरांवर जागोजाग बारीक टिकल्या लावलेल्या असतात, रसायनाच्या. मिथाइल म्हणतात त्यांना. कुठली ओळ मोठ्यानं वाचायची, कुठली गप ठेवायची, हे ठरवण्यात त्यांचा हात असतो. धूर आत गेला की काही ठिकाणच्या टिकल्या गळतात, काही ठिकाणी नको तिथं जास्त लागतात."

"म्हंजी पोथी तीच, पारायण चुकायलंय."

"अगदी तसंच."

"आन् सोडल्यावर?"

ती उत्तर द्यायच्या आधी खांबाकडे बघत राहिली. दोरी जिथं टेकायची तिथं लाकूड काळं पडलं होतं. दोरी काढल्यावर अण्णांनी ते घासलं होतं, मग दर दिवाळीला ऑइलपेंट मारला होता. डाग फिका झाला होता, कडा तर पार गेल्या होत्या, पण मधोमध बोटाएवढी जागा रंगातून पुन्हा वर यायची.

"त्या डागासारखं," ती म्हणाली. "सोडल्यावर पहिल्या काही वर्षांत बऱ्याचशा जागा परत येतात, कधीच न ओढलेल्या माणसाच्या जवळपास. काही हळू येतात. आणि थोड्या जागा अशा असतात की कैक वर्षं गेली तरी पूर्ण येत नाहीत."

अण्णांनी खडीसाखरेचा खडा गालात फिरवला. "ती थोडी जागाच मारती का मग माणसाला?"

"तसं नाही सांगता येत. ती खूण आहे, काका. खूण म्हणजे रोग नव्हे. काही रोगांशी तिचा संबंध दिसतो, पण तिनंच केलं असं छातीठोक म्हणता येत नाही. आणि सोडण्याचा फायदा होतो तो होतोच."

माझी खात्री होती की ते आता आणखी रोगाबद्दल विचारतील. त्या वर्षी त्यांचा दम वाढला होता. पोतं उचलायचं त्यांनी बंद केलं होतं. पण त्यांनी भलतंच विचारलं.

"आता माझं रक्त काढलं, तर ते काय म्हनंल?"

"म्हणेल, हा माणूस ओढत होता."

"ते तर गाव बी म्हनतंय. पुढं?"

"पुढं म्हणेल की आता ओढत नाही. चालू असलेल्या माणसाचं वेगळं दिसतं, सोडलेल्याचं वेगळं."

"सोडली, असं म्हनंल?"

"साधारण तसंच."

अण्णांनी पोत्यावरून पाठ काढली आणि ताठ बसले. मला म्हणाले, "ऐकलं का? रक्त म्हनतंय." शाल अंगावर पडली तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. मुलगी घाईनं सांगत होती की एका माणसाच्या बाबतीत इतकं नेमकं सांगता येईलच असं नाही, काही प्रयोगशाळा करतात, काही करत नाहीत, चुका होतात. तोवर ते उठून आत वैनींना सांगायला गेले होते.

त्यानंतर कुणी बिडी पुढं केली की ते म्हणत, "माझं रक्त तपासून बघा." यावर गाव म्हणे, "शेठच्या रक्ताला वाचा फुटली." तपासायला कुणीच आलं नाही. बोरीत रक्त तपासतात ते साखरेसाठी नाहीतर तापासाठी.

पुढच्या वर्षी परभणीला मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. फुप्फुसं पोकळ होत चालल्याचं फोटोत दिसत होतं. डॉक्टर तरुण होता, घाईत होता, वाईट नव्हता. त्यानं विचारलं, "बिडी, सिगारेट?"

"सोडली," अण्णा म्हणाले. "बारा वर्षं झाली."

डॉक्टर मान खाली घालूनच शेजारच्या सिस्टरला म्हणाला, "स्मोकर."

अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, पण हा शब्द येत होता. दम लागलेला माणूस जितका आवाज चढवू शकतो तितका चढवून ते म्हणाले, "सोडली म्हनलो न्हवं का मी?"

"बरोबर आहे, काका. चांगलं केलं." डॉक्टरनं त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी आधी दम खाल्ला. मग म्हणाले, "सोडली नसती तर कवाच गेलो असतो. हे कुनी म्हनत न्हाई बघ." मी म्हणालो, "मी म्हणतो." ते म्हणाले, "तू भाऊ हायस. तुझं धरत न्हाईत."

ते गेले ते माघात, सकाळी, घरीच. आमच्याकडे माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, अंगाला विभूती लावतात, डाव्या तळहातावर लिंग ठेवतात आणि तसंच मातीत उतरवतात. ज्या हातातून ते निसटलं होतं त्याच हातात ते ठेवलं. वैनी तळहाताकडे बघत होत्या. बोटं वळवून धरावी लागली.

मातीला आलेले लोक परत जाताना आपापसात बोलत होते, आणि त्यांचं बोलणं ऐकू येऊ नये अशी काळजी कुणी घेत नव्हतं. "बिडीनं खाल्लं शेठला." "मग सोडून काय फायदा झाला?" हे म्हणणाऱ्याच्या बोटांत पेटलेली बिडी होती. मुलगी माझ्याबरोबर चालत होती. तिनं त्या माणसाच्या बोटांकडे पाहिलं आणि चालत राहिली. सोडल्यानं किती वर्षं जास्त मिळाली हे एका माणसाचं कुणालाच दाखवता येत नाही. न झालेल्या मरणाची समाधी बांधत नाहीत.

तिसऱ्या दिवशी समाधीवर गेलो. पुतणे, मी, मुलगी, वैनी, चुलतभाऊ आणि जंगम स्वामी. बेल वाहिला, दिवा लावला. एवढ्यात चुलतभावानं खिशातून बिडीचं नवं बंडल काढलं. आमच्या आसपासच्या लोकांत गेलेल्याच्या आवडीची वस्तू ठेवायची पद्धत आहे. आमच्यात ती नाही, पण शेजारच्या चांगल्या गोष्टी माणूस उचलतोच. त्यांनी एक बिडी मातीच्या ढिगावर खोचली आणि काडी ओढली. माळावर वारा होता, काडी विझली. दुसरी ओढली, तीही विझली. डोळ्यांत खरंखुरं पाणी आणून ते मातीला म्हणाले, "घे रे अण्णा. लय आवडीची व्हती तुझ्या."

"त्यांनी सोडली होती," वैनी म्हणाल्या.

चुलतभाऊ तिसरी काडी धरून ओणवेच राहिले. मग समजूत घातल्यासारखं म्हणाले, "वैनी, आता काय फरक पडायलाय? आता कुठं खोकला येनार हाय? वढू द्या की आता तरी."

"तुमीच शाल घातली व्हती की त्यांना," वैनी म्हणाल्या. "सोडली म्हनून."

स्वामींनी घसा साफ केला. "आपल्यात माणूस शिवात मिळतो. त्याला मागं काही लागत नसतं."

"मग ती बी कशाला?" वैनी वाकल्या, बिडी उपटली आणि बाजूला ठेवली. पदराच्या गाठीतून खडीसाखरेचे खडे सोडले आणि त्या भोकात एकेक करून दाबले. माती ओली होती. त्यांचा हात बराच वेळ तिथंच होता. मुलगी त्यांच्याशेजारी खाली बसली आणि म्हणाली, "काकू, खरंच सोडली होती त्यांनी. दिसलं असतं." वैनींनी मान हलवली. त्यांना हे कुणी सांगायची गरज नव्हती, पण कुणीतरी म्हणालं होतं.

आम्ही निघालो. मी मागं वळून पाहिलं तर चुलतभावानं ती बिडी उचलली होती. त्यांनी तिच्यावरची माती फुंकली, कानामागे खोचली आणि आमच्या मागून आले. जीपच्या आडोशाला त्यांनी ती पेटवली. एकाच काडीत पेटली.