एकदा दिलेला रंग

काळजी करणारी माणसं एका खोलीत बसवली की किस्से आपोआप साठतात. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात तर तशी तिघं होती: परबसर, सिल्वी आणि मी!

काम असं. काचेच्या एका तारेतून वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश धावतो. कुणी दोन ठिकाणांमध्ये जोडणी मागितली की आमच्या प्रोग्रॅमनं तिला तिथल्या तिथं एक रंग द्यायचा; एका तारेत एक रंग एकाच जोडणीला. पुढे कोण मागणार, माहीत नाही. आणि एकदा दिलेला रंग परत घ्यायचा नाही! चाचणीत एकाही मागणीला नकार गेला, तर टीम बंद. हे कळल्यापासून मी रात्री उठून उरलेले रंग मोजत बसायचे.

*

परबसर आमचे बॉस, मूळचे कणकवलीचे. एकदा जेवताना सिल्वीनं तळलेले बोंबील पुढे केले.

"जरा थांब गो. फुडे काय येतला कोणाक म्हायत!"

थांबले. सगळे डबे फिरून रिकामे झाले. उरली माझी दुधीची भाजी. ती खाताना सरांचा चेहरा बघवत नव्हता.

*

सिल्वी मढची. तिला थांबणं जमतच नाही. चाचणीच्या टेन्शनमध्ये एका संध्याकाळी ती समोर आलेल्या पहिल्याच बसमध्ये चढली. थोड्या वेळानं तिचा फोन.

"ए, इथे म्हशी आहेत गं! मी आरे कॉलनीत आलेय!"

"नंबर नाही बघितलास?"

"बस आली, जागा होती, बसले! सोडली असती आणि दुसरी आलीच नसती तर?"

तिनं लिहिलेला प्रोग्रॅमही असाच होता. जो येईल त्याला मोकळा दिसेल तो रंग.

*

मग व्हायची भांडणं. "सर, रंग राखून ठेवला आणि कुणी आलंच नाही तर वाट लागेल ना!"

"आणि दिलास, नि मागून कुणी आलं तर?"

दोघांचंही पटायचं, म्हणून मला जास्तच भीती वाटायची. शेवटी ठरलं: सरळ तारेवर एकच रंग उरला, तर तो राखून आधी दुसऱ्या तारांवरून वळशाची वाट शोधायची.

*

चाचणीच्या दिवशी कंपनीचे साहेब समोर बसून एकेक मागणी टाकत होते. अंधेरी-सांताक्रूझ तारेवर एकच रंग उरला आणि नेमकी तिथलीच मागणी आली. प्रोग्रॅमनं ती घाटकोपरवरून फिरवली! लगेच मागून बोरिवली-सांताक्रूझ आली, तीही याच तारेवरून जाणारी. एवढ्या लांबून वळसा घेतला तर प्रकाश पोचतच नाही. तिला राखलेला रंग मिळाला.

"पास!" साहेब उठले. "पुढचं कामही तुमच्याच टीमला देतो. पण आत्ताच सांगा, घेताय?"

परबसर चष्मा पुसायला लागले. "तसं जरा थांबून बघू—"

"हो! घेतलं!" सिल्वी ओरडली.

साहेब गोंधळले. "तुमच्यातलं नक्की कुणाचं धरायचं?"

सरांनी मोठा श्वास सोडला. "तिचंच धरा. एकदा दिलेलं परत घेता येत नाही."