पान्फिलाची नोव्हेना आणि तिबुर्सियाच्या गोळ्या

पालो वेर्दे गावात देल्मीराच्या दुकानात जाऊन साधी तापाची गोळी मागून बघा. आधी उलटतपासणी होते. डॉक्टरने दुसरं काही दिलंय का, गुडघ्याचं, कमरेचं, दाताचं? सर्दीचा चहा घेतलास का? सकाळपासून काही खाल्लंयस का? गिऱ्हाईक वैतागतं. केळीच्या मळ्यातला एक मुकादम एकदा म्हणाला, "बाई, गोळी मागितली, तुझ्या बहिणीला मागणी नाही घातली!" आणि बोलून गेल्यावर त्याच्याच लक्षात आलं की देल्मीराला बहीण होती, आता नाही. टोपी हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. देल्मीराने त्याला गोळी दिलीच नाही. चार लिंबं हातावर ठेवली आणि आरोग्य केंद्राची वाट दाखवली.

तिची ही बहीण म्हणजे दोन्या तिबुर्सिया; दोन्या म्हणजे आमच्याकडे मानाने 'बाई'. पालो वेर्देत कुणी मेलं की पाद्रीबाबाच्या आधी तिला निरोप जायचा. मेलेल्या माणसासाठी नऊ दिवस घरात जपमाळ म्हणायची, तिला नोव्हेना म्हणतात; ती म्हणणारी बाई तिबुर्सिया. उमेदीची सगळी वर्षं तिने केळ्यांच्या पॅकिंग शेडमध्ये पाण्यात उभं राहून फण्या धुतल्या, आणि संध्याकाळी लोकांच्या घरी सिमेंटच्या जमिनीवर गुडघे टेकले. त्या गुडघ्यांचं काय व्हायचं ते झालंच.

तिची जीभ मात्र शेवटपर्यंत तरुण होती. जपमाळ चालू असताना कुणाचा फोन वाजला तर ती 'नमो मारिया' मध्येच थांबवून म्हणायची, "घे, घे. मेलेल्याचाच असेल, विचारत असेल तुम्ही लोक गप्प कधी बसणार." कुणी शब्द गाळला की नुसती भुवई उचलायची, अख्खी खोली परत पहिल्यापासून म्हणायची. दुसऱ्याच्या मयतात ती कधी रडली नाही. "रडायला घरचे आहेत. मी म्हणायला आलेय," एवढंच. पैसे घेत नसे. कुणी कोंबडी द्यायचं, कुणी कॉफी.

देल्मीरा धाकटी, आणि प्रार्थनेच्या बाबतीत अगदीच ढ. जपमाळेत पाच 'रहस्यं' असतात, म्हणजे पाच भाग; दुसऱ्यालाच तिचा डोळा लागायचा. "तू मेलीस की सेंट पीटर स्वर्गाचं दार उघडेपर्यंत तू उंबऱ्यावर घोरत पडशील," असं तिबुर्सिया सगळ्यांदेखत म्हणायची, आणि देल्मीरा म्हणायची, "मग तू आहेस ना आत, उघड दार." दोघींपैकी कुणाचाच संसार टिकला नव्हता. एकीला नवरा सोडून गेला, दुसरीने नवऱ्याला सोडलं. दुकानामागच्या दोन खोल्यांत त्या एकमेकींना टोमणे मारत मजेत राहत होत्या.

गुडघे फारच गेले तेव्हा देल्मीराने तिला शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. त्याने पिवळ्या गोळ्या लिहून दिल्या आणि समजावून सांगितलं, "दोन्या, ह्या एका गोळीत दोन औषधं आहेत. आठ तासांनी एक. गुडघा कितीही ओरडला तरी जास्त नाही. आणि हिच्याबरोबर दुखण्याचं दुसरं काहीही घ्यायचं नाही." ती दोन औषधं कोणती तेही त्याने सांगितलं असेल, पण तिबुर्सिया तेव्हा त्याच्या भिंतीवरच्या तिरक्या क्रूसाकडे बघत होती. एक होतं कोडीन, ज्याने झापड येते. दुसरं होतं साधं पॅरासिटामॉल, जे देल्मीराच्या दुकानात काचेच्या बरणीत सुटं मिळायचं. हे दोघी बहिणींना ठाऊक असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

तिबुर्सियाने डॉक्टरचं ऐकलं, हे मी मुद्दाम सांगतो. पुढे लोक म्हणाले म्हातारी बेफिकीर होती. मुळीच नव्हती. ती आठ तासांनी एक गोळी घ्यायची, आणि दुखण्याचं दुसरं काही तोंडात घालायची नाही. चांगले तीन महिने तिने हे पाळलं.

मग चिकुनगुन्याचं वर्ष आलं. गावात घराघरांत माणसं वाकून चालायला लागली. आरोग्य केंद्राची गाडी भोंगा लावून गल्लीगल्लीतून फिरायची. अस्पिरिन घेऊ नका, इंजेक्शनं टोचून घेऊ नका, तापाला फक्त पॅरासिटामॉल घ्या! देल्मीराची बरणी दिवसाआड रिकामी होत होती. आणि त्याच आठवड्यात पान्फिला गेली.

पान्फिला म्हणजे तिबुर्सियाची कोमाद्रे. पान्फिलाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी तिबुर्सियाने हातात धरलं होतं, आणि तेव्हापासून दोघींचं नातं सख्ख्या बहिणींपेक्षा वरचढ होतं. शेडमध्ये एकाच हौदाशी उभं राहून त्यांनी एकमेकींना शब्द दिला होता, की जी मागे राहील तिने दुसरीची नोव्हेना स्वतः म्हणायची, नऊच्या नऊ दिवस, गुडघ्यांवर. आमच्याकडे अशी समजूत आहे की नोव्हेना मध्येच तुटली तर जीव ना इथला राहतो ना तिथला.

नोव्हेनाच्या दुसऱ्या दिवशी तिबुर्सियाला ताप भरला.

"कास्तुलाला बोलाव," देल्मीरा म्हणाली. कास्तुला ही गावातली दुसरी जपमाळवाली.

"कास्तुला स्वतः अंथरुणात आहे. आणि बरी असती तरी नसती बोलावली. ती पाचवं रहस्य गाते की बाजारात मासे विकते, कळत नाही."

"अगं, तुला उभं राहवत नाहीये, तिबू."

"उभं कुणाला राहायचंय? गुडघ्यांवर तर बसायचंय."

देल्मीराने बरणीतल्या दोन गोळ्या आणून दिल्या. तिबुर्सियाने त्या हातात घेऊन विचारलं, अगदी बरोबर विचारलं, "डॉक्टर म्हणाला होता, दुखण्याचं दुसरं काही नको."

"हे दुखण्याचं कुठंय? हे तापाचं. भोंगेवाला दिवसभर काय ओरडतोय?"

"तेही खरंच," तिबुर्सिया म्हणाली आणि गोळ्या गिळल्या.

संध्याकाळी नाक गळायला लागलं, तर शेजारणीने सर्दीच्या चहाची पाकिटं आणून दिली. लिंबाच्या वासाची पूड असते, गरम पाण्यात ढवळायची. पाकिटावर वाफाळता पेला आणि मधाचा थेंब काढलेला. चहा तो चहा, त्याला औषध कोण म्हणतं? पॅरासिटामॉल त्यातही होतं. तिबुर्सियाला तो आवडला. घसा मोकळा होतो म्हणून जपमाळेआधी एक, नंतर एक, आणि झोपताना देल्मीराने मायेने करून दिलेला एक.

त्यातून तिने उपास धरला होता. कोमाद्रेसाठी दिवसभर काही खायचं नाही, फक्त प्रार्थनेनंतर एक पाव आणि कॉफी. रिकाम्या पोटी, तापात, एकच औषध तीन वाटांनी तिच्या अंगात जात होतं. चिकुनगुन्याने सांधे असे धरले की पिवळ्या गोळ्यांचा आठ तासांचा नेमही मोडला. चार तासांवर आला, मग घड्याळ बघणंच सुटलं. "नऊ दिवस होऊ देत," ती म्हणायची, "मग डॉक्टरच्या पाया पडून माफी मागेन."

पहिले काही दिवस तिने रेटून नेले. चौथ्या संध्याकाळी माळ हातात असतानाच तिची मान खाली गेली. देल्मीरा खूश झाली. "बघा, बघा! कोण घोरतंय आता?" खोली हसली. तिबुर्सिया दचकून जागी झाली आणि नेमक्या त्याच मण्यावरून पुढे सुरू झाली. ती कोडीनची गुंगी होती, पण तेव्हा सगळ्यांना ती म्हातारपणाची गंमत वाटली.

मग ताप उतरला, आणि उलट्या सुरू झाल्या. उजव्या बरगडीखाली दुखतं म्हणाली. "उपासाचं आहे," देल्मीरा म्हणाली. दुखतंय म्हणून आणखी एक पिवळी. आठव्या दिवशी देल्मीराने तिला दारातल्या उजेडात नीट पाहिलं. डोळ्यांचं पांढरं आता पांढरं नव्हतं.

"आज जायचं नाही. मोटार बघते, शहरात जाऊ."

"उद्या. उद्या शेवटचा दिवस आहे. कोमाद्रेला दारापर्यंत आणलंय, आता काय उंबऱ्यावर टाकून जाऊ?"

देल्मीराला तेव्हा तिला उचलून न्यायला हवं होतं. पण थोरल्या बहिणीच्या शब्दापुढे ती जन्मात कधी गेली नव्हती. त्या दिवशीही गेली नाही.

शेवटच्या संध्याकाळी पान्फिलाच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या कागदाच्या फुलांची वेदी, मेणबत्त्या, मागच्या अंगणात मक्याच्या पिठाच्या तामालेसचं पातेलं. तिबुर्सियाला दोन बायकांनी धरून गुडघ्यांवर बसवलं. पहिली दोन रहस्यं ठीक झाली. तिसऱ्याला ती म्हणाली, "आमची बहीण देल्मीरा, जी हे जग सोडून गेली, तिच्या आत्म्यासाठी..."

कुणीतरी फिसकन हसलं. तिची नेहमीची खोडी असेल असं वाटलं. देल्मीराही हसत म्हणाली, "अजून आहे मी!" तिबुर्सियाने वळून तिच्याकडे पाहिलं आणि तिला ओळखलं नाही. तिबुर्सिया पुढे म्हणायला गेली, पण शब्द एकमेकांत अडकले. आयुष्यभर ज्या बाईने दुसऱ्यांचे गाळलेले शब्द पकडले, तिला 'नमो मारिया'चा पुढचा अर्धा भाग आठवेना. मग ती एका कुशीवर कलंडली.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने विचारलं, "काय काय घेतलंय? सगळं सांगा, घरगुतीसुद्धा." देल्मीराने पिशवीतून काढून ठेवलं. पिवळ्या गोळ्यांची पट्टी, 'माझ्याच दुकानातल्या' म्हणत बरणीतल्या सुट्या गोळ्या, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर चहाचं पाकीट.

डॉक्टरणीने पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली. मग एकेका वस्तूवर बोट ठेवलं. "ह्यात पॅरासिटामॉल. हे पॅरासिटामॉलच. आणि ह्यातही पॅरासिटामॉल."

"पण ते तापाचं होतं, बाई. आणि हा चहा आहे."

"पोटात गेल्यावर यकृताला ते कळत नाही, दोन्या. ते सगळं एकत्र मोजतं. माफक घेतलं तर चांगलं औषध आहे. ह्याला उताराही आहे, मी तो लावलाय. पण तो वेळेत द्यावा लागतो. उलट्या सुरू झाल्या तेव्हा आणलं असतंत तर..."

"झोपतानाचा चहा मीच करून दिला," देल्मीरा म्हणाली. "माझ्या हातांनी. साखर घालून."

डॉक्टरणीने तिच्यावर आवाज चढवला नाही. तिचा खांदा धरला आणि म्हणाली, "गावात सांगा. तुमच्यासारखी दुकानदारीण सांगेल ते लोक ऐकतील." देल्मीराला त्या घडीला गावाचं काही पडलं नव्हतं. तिला फक्त पाकिटावरचा तो मधाचा थेंब दिसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिबुर्सिया थोडी शुद्धीवर आली. चेहरा हळदीसारखा झालेला, ओठ फुटलेले. तिने देल्मीराला ओळखलं.

"संपली का?"

"काय?"

"नोव्हेना. कोमाद्रेची. तिसऱ्यापर्यंत आलो होतो."

देल्मीराला खोटं बोलता आलं असतं. कास्तुलाने येऊन पुरी केली असं सांगितलं असतं, तर तिबुर्सिया त्यावरही काहीतरी टोमणा मारून निवांत झाली असती. पण तिच्या तोंडून खरंच निघालं. "नाही गं. तू पडलीस, मग सगळे उठले."

तिबुर्सियाच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं. देल्मीराने तिला रडताना कधीच पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीही नाही.

"मी म्हणते," देल्मीरा म्हणाली.

"तुला येतं कुठं?"

"तू आहेस ना, सांग."

ती पलंगाशेजारी फरशीवर गुडघ्यांवर बसली. खोलीत आणखी पाच पलंग होते, लोक बघत होते. तिने चौथं रहस्य सुरू केलं आणि तिथेच चुकली. "ते काल म्हणायचं," तिबुर्सिया पुटपुटली, "आज गौरवाची." रहस्यांचा संच वाराप्रमाणे बदलतो, हेही देल्मीराच्या ध्यानात नव्हतं. देल्मीराने परत सुरू केलं. शब्द गळला की पलंगावरून आवाज यायचा, "कृपापूर्ण. कृपापूर्ण कुठे गेलं?" पुढे नुसतं बोट हलायचं, चादरीवर एकदा टक, म्हणजे चूक. देल्मीरा मागे जायची, परत यायची. पाचवं रहस्य आलं. टक. परत. आता शेजारच्या पलंगावरची बाईही तिच्याबरोबर म्हणू लागली होती.

शेवटच्या 'नमो राणी' ह्या प्रार्थनेपाशी देल्मीरा बिनचूक पोचली. एकही शब्द गळला नाही. जन्मात पहिल्यांदा तिला ती प्रार्थना पूर्ण आली होती. शेवटच्या ओळीवर तिने डोळे उघडले. बोट चादरीवर होतं, हलत नव्हतं. मग देल्मीराने ती प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हटली, ह्या वेळी मुद्दाम दोन शब्द गाळून, आणि थांबली. नर्सने येऊन तिला दंडाला धरून उठवेपर्यंत ती तशीच थांबून होती.