बँकॉकची बाटली आणि सुखदेवभाऊंचं नाक

आर्वीच्या डेपोत मी पस्तीस वर्षं कंट्रोलर होतो. गाड्यांचे किस्से निम्मे विसरलो. पण डेपोसमोरच्या अत्तराच्या दुकानातला एकही विसरलेलो नाही. रिटायर झाल्यापासून रोज संध्याकाळी तिथल्या बाकावर बसतो, आणि बसणाऱ्याकडे गोष्टी आपोआप साचतात.

दुकान सुखदेवभाऊंचं. तिथला नियम एकच. एक अत्तर हुंगलं की दुसऱ्याआधी आपल्याच शर्टाची बाही हुंगायची. "आपला वास घेतला का नाक पुन्हा जाग्यावर येते," असं भाऊ म्हणायचे. गिऱ्हाईक नवरी असो की तहसीलदार, बाही हुंगल्याशिवाय दुसरी बाटली उघडायची नाही.

*

एकदा गाडीत कुणाची तरी पिशवी राहिली. वर नाव नाही, गाव नाही. ती घेऊन मी भाऊंकडे गेलो. त्यांनी गाठही सोडली नाही, नुसती नाकाशी धरली.

"डिंक, मेथी, खसखस. बाळंतिणीचे लाडू आहेत. सरकारी दवाखान्यात पाठव."

पाठवली. तिथल्या पायरीवर एक म्हातारी लाडूंसाठी रडत बसली होती. तेव्हापासून डेपोत हरवलेल्या सामानाची पहिली चौकशी भाऊंच्या दुकानात व्हायची.

*

मग एकदा त्यांना मोठा ताप आला. ताप गेला, भाऊ दुकानात आले. महिनाभरानं मी शिरलो तर आतल्या शेगडीवर चहाचं भगोणं करपून काळं झालेलं, आणि भाऊ दारात निवांत पेपर वाचत होते.

"भाऊ, जळून राह्यलं ना!"

"काय जळून राह्यलं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पेपराची घडी केली.

"तापानं नेलं," ते म्हणाले. "गुलाब काय अन् घासलेट काय, सारखंच. पण प्रज्ञाले सांगू नको. ते पोरगी नोकरी सोडून इथं येऊन बसन."

प्रज्ञा त्यांची एकुलती एक. केमिस्ट्री शिकली आणि बँकॉकला एका सेंटच्या कंपनीत लागली. भाऊंच्या मांडीवर बसून बाही हुंगायला शिकलेली पोर. तिनं परत यावं असं त्यांना रोज वाटायचं, आणि या कारणानं मात्र येऊ नये, असंही. त्या दिवसापासून अत्तरं ते बाटलीच्या जागेवरून ओळखू लागले. कपाट पुसायचं काम मी माझ्याकडे घेतलं, म्हणजे दुसरं कुणी बाटल्या हलवणार नाही.

*

गेल्या वर्षी तिचं पार्सल आलं. छोटी बाटली आणि चिठ्ठी. "बाबा, हा माझा पहिला सेंट. इथल्या गल्लीतला एक दिवस यात भरला आहे. तुम्ही हो म्हटलं तरच कंपनीपुढे ठेवीन."

भाऊंनी चिठ्ठी मला दोनदा वाचायला लावली. मग बाटली माझ्या नाकाशी धरली. माझं नाक डिझेलवर पोसलेलं. लिंबू आहे एवढं कळलं, पुढचं काही केल्या उलगडेना.

"तुह्या नाकाचं काही खरं नाई," म्हणाले, आणि एक वही काढली. जो दुकानात येईल त्याला कापसाचा फाया त्यात बुडवून द्यायचा आणि तो म्हणेल ते लिहायचं.

*

पहिला आला आमचा एक ड्रायव्हर. हुंगलं आणि हसला.

"भाऊ, हे तं गाडीले बांधतो ते लिंबू-मिरची आहे!"

भाऊंनी गंभीरपणे लिहून घेतलं. लिंबू. तिखट.

किराण्याचे शेठजी आले. त्यांनी डोळे मिटले. "काळी मिरी. आलं, पण वाळलेलं नाही, ओलं. माल ताजा आहे हां." भाव विचारल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

संत्रेवाली मावशी टोपली उतरवून आली. "हे पिकलेलं फळ नाई. हिरवी साल आहे. पोरीनं नखानं सोलली अन् मंग नख हुंगलं."

भाऊ लिहिता लिहिता थांबले. प्रज्ञा लहानपणी नेमकं तेच करायची.

*

शेवटी आल्या रिटायर नर्सबाई. विहारातल्या बायकांबरोबर त्या थायलंडला जाऊन आल्या होत्या. फाया नाकाशी नेला आणि तशाच बाकावर टेकल्या.

"सकाळी भंतेजी पिंडपाताले, भिक्षेले निघतात ना, तवा गल्लीत असाच वास असते," त्या म्हणाल्या. "कोनी खलबत्त्यात मिरची कुटून राह्यली, कोनी लिंबू पिळून राह्यली. कोपऱ्यावर एक बाई मोगऱ्याच्या माळा ओवत बसते. रस्ता धुतलेला असते."

भाऊंनी सगळं लिहिलं. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, हे त्यांनीच मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर स्पीकरवर फोन लावला. "प्रज्ञा, मस्त झाला. वर हिरव्या सालीचं लिंबू. मंग मिरी, ओलं आलं. अन् शेवटी मोगरा, हळूच."

"मोगरा?" ती म्हणाली.

"हो ना. एकदम शेवटी."

पलीकडे बाटलीचं बूच निघाल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बरं बाबा."

*

पंधरा दिवसांनी ती स्वतःच दुकानात हजर झाली. चार दिवसांची सुट्टी. बापाच्या पाया पडली, मला काका म्हणून हाक मारली आणि समोरच्या बाकावर बसली. बॅगेत हात घालून तिनं सेंट हुंगायच्या दोन कागदी पट्ट्या काढल्या.

"बाबा, कंपनीत दोन नमुने केलेत. कोनता ठेवू?"

भाऊंनी पहिली पट्टी हुंगली. बाही हुंगली. दुसरी हुंगली, पुन्हा बाही.

"दुसरा," ते म्हणाले. "पहिल्यात मिरी जरा चढली."

प्रज्ञा त्यांच्याकडे बघत राहिली.

"मले बी दुसराच वाटत होता," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

पट्ट्या टाकायला म्हणून मी उचलल्या आणि सवयीनं नाकाशी नेल्या. मध्ये बाही हुंगली, पुन्हा नेल्या. दोन्ही कोऱ्या होत्या, लिंबूसुद्धा नव्हतं.

भाऊ माझ्या कानाशी वाकले. "कळलं तं नाई ना तिले?"

"नाई भाऊ," मी म्हणालो.