समजतं कोणाला?

फाइल समोर आली की वकीलबाई आधी चष्मा कपाळावर चढवायच्या, मग कागद नाकाशी धरून वाचायच्या आणि वाक्याच्या शेवटच्या शब्दावर बोट टेकवून वर बघायच्या. तो शब्द बहुतेक वेळा एकच असायचा : समजते. 'सदर इसमाचे परदेशी व्यक्तींशी संबंध असल्याचे समजते.' 'सदर ठिकाणी बैठका होत असल्याचे समजते.' बोट न हलवता बाई विचारायच्या, "समजतं कोणाला?"

आता याला काय उत्तर द्यायचं? आमच्या खात्यात पिढ्यानपिढ्या असंच समजत आलं होतं. कोणाला समजलं हे लिहायची पद्धतच नव्हती. मी आपला खालमानेनं फाइल उचलायचो आणि जिन्यात येऊन मनसोक्त शिव्या द्यायचो.

खातं कुठलं ते सांगत नाही. सरकारसाठी गुप्त माहिती गोळा करणारी जी खाती असतात त्यांतलं एक, एवढं पुरे. ऑफिस अंधेरीला होतं. बाहेरच्या पाटीवर भलत्याच खात्याचं नाव होतं, तेही इतकं रटाळ की कोणी चुकूनही आत डोकावू नये. अशा ठिकाणी फक्त वेष पालटून फिरणारी माणसं असतात असं तुम्हाला वाटत असेल. मलाही नोकरीला लागेपर्यंत तसंच वाटायचं. प्रत्यक्षात तिथे एक वकीलही असतो. कोणाचा फोन ऐकायचा, कोणाच्या नावापुढे 'विश्वासार्ह नाही' असा शेरा मारायचा, हे कागद वर जाण्याआधी त्याच्या टेबलावरून जातात. कायद्यात बसतं की नाही एवढंच त्यानं लिहायचं. अडवायचा अधिकार त्याला नसतो. पण 'बसत नाही' असं एकदा कोणी लिहून ठेवलं की त्यावर सही करायला वरच्या साहेबांचा हात थरथरतो. बाईंची सगळी ताकद त्या थरथरण्यात होती.

बाई बुटक्या, पन्नाशीच्या, घाटकोपरला राहणाऱ्या. वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागलेले. दिंडोशीच्या कोर्टात बरीच वर्षं वकिली करून त्या आमच्याकडे करारावर आल्या होत्या. करार दर वर्षी नवा व्हायचा, आणि तो करायचा की नाही हे ज्या मोठ्या साहेबांच्या हातात, त्यांच्याच फायली बाई परत पाठवायच्या. मला हा प्रकार आत्मघातकी वाटायचा. त्यांना तो विचार बहुधा कधी सुचलाच नसावा.

एकदा साकीनाक्याच्या एका वर्कशॉपवाल्याचा फोन ऐकायची परवानगी मला हवी होती. तो कसले तरी विचित्र सुटे भाग बनवतो आणि माल झाकून पाठवतो, एवढी माझी माहिती. बाईंनी वाचलं आणि विचारलं, "त्याला विचारून बघितलंस?"

मी म्हटलं, "बाई, आपलं खातं गुप्त आहे."

"म्हणून गिऱ्हाईक होऊन जा. माणसाला आपल्या कामाबद्दल बोलायला आवडतं रे."

गेलो. त्या भल्या गृहस्थानं मला सगळं वर्कशॉप फिरवून दाखवलं, दोनदा चहा पाजला, लिफ्टच्या दरवाजाला लागणारा तो भाग कसा बनतो ते समजावलं आणि शेजारचा कारखानदार नक्कल करतो म्हणून माल झाकावा लागतो, अशी तक्रारही केली. निघताना हातात कार्ड दिलं. मी ते बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, फोन ऐकायचाच असेल तर नंबर यावर आहे. बाई इतक्या हसल्या की चष्मा कपाळावरून घसरून चहात पडला.

त्या नुसत्या नकारघंटा वाजवत, असं मात्र समजू नका. एका प्रकरणात खरोखरच माणसांच्या जिवावर बेतणार होतं. माहिती कोणी दिली, त्यानं काय डोळ्यांनी पाहिलं, सगळं कागदावर होतं. बाईंनी एकदाच वाचलं, उभ्या उभ्या 'आवश्यक' असं लिहिलं आणि लिफ्ट बंद होती म्हणून गुडघे धरत, धापा टाकत स्वतःच फाइल वर नेऊन दिली. पुढे काय झालं ते पेपरात आलं नाही. काहीच घडलं नाही, म्हणून आलं नाही.

रागावल्या की बाईंची मालवणी बाहेर यायची. मी एकदा फार वाद घातला तेव्हा म्हणाल्या, "तू माका कायदो शिकवतंस?" आणि लगेच डब्यातली सुरमईची तुकडी माझ्यापुढे सरकवली. त्यांच्याशी नीट भांडताही यायचं नाही.

आता त्या मुलीची गोष्ट.

दिंडोशीकडच्या एका वसाहतीतली मुलगी परीक्षा पास होऊन सुरक्षेच्या सरकारी नोकरीत निवडली गेली होती. आमच्याकडून तिच्या घरादाराची चौकशी होऊन अनुकूल शेरा गेला की नेमणूक, नाही तर तिची जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. आमच्या एका माणसानं अहवाल दिला होता : 'सदर उमेदवाराचे घरी पहाटेचे सुमारास अनोळखी इसम येतात, कोणाशी न बोलता पुड्या घेऊन जातात, असे समजते.' अहवाल देणारा गावी रजेवर गेलेला. मुदत संपत आलेली.

मोठे साहेब म्हणाले, संशय आहे ना, मग प्रतिकूल शेरा द्या आणि मोकळे व्हा. उद्या काही निघालं तर आपली वाट लागेल. तसं ते वाईट नव्हते. निवृत्ती जवळ आली होती आणि त्यांना धोका नको होता, इतकंच.

बाई म्हणाल्या, "संशय कोणाला आहे त्याचं नाव लिहा. मी आत्ता सही करते."

"मॅडम, तुम्ही सल्ला द्यायचा. अडवायचं नाही."

"अडवत नाहीये, साहेब. विचारतेय."

साहेब एवढंच म्हणाले की तुमचा करारही याच महिन्यात आहे, लक्षात असू द्या. खोलीत मी होतो. बाईंनी मान डोलावली, फाइल बंद केली आणि बाहेर येऊन मला सांगितलं की उद्या पहाटे तू त्या घरी जा.

पहाटे गेलो. दारात चपलांचा ढीग. आत माणसं भिंतीला टेकून गप्प बसलेली. मी दाराशीच स्कूटर लावली आणि त्यांच्यात जाऊन बसलो. त्या मुलीनंच मला पाणी आणून दिलं आणि ओठांवर बोट ठेवून बोलू नका अशी खूण केली. थोड्या वेळानं तिच्या वडिलांनी मला जवळ बोलावलं, माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, "तुमका कावीळ नाय. पित्त आसा. जागरणा कमी करा."

काविळीचं झाडपाल्याचं औषध! त्यांच्या घराण्यात चालत आलेलं. उपाशीपोटी घ्यायचं, घेईपर्यंत बोलायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. म्हणून पहाट, म्हणून मौन, म्हणून पुड्या. (कावीळ मी आपली म्हटली. खरं औषध दुसऱ्याच कशावरचं होतं, आणि वसाहतही दिंडोशीची नव्हे. ती मुलगी हे वाचेलही, म्हणून ही खबरदारी. कारण पुढे कळेल.)

बाहेर आलो तर समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ माझ्या स्कूटरपाशी कमरेवर हात ठेवून उभे. मला म्हणाले, "तुम्ही पण इथेच लावली? रोज सकाळी माझ्या गाडीची जागा अडवतात साले. मी पोलिसात सांगून ठेवलंय यांच्याबद्दल."

कोणाला समजत होतं, ते अखेर मला समजलं.

बाईंनी सगळं लिहून काढलं. कोणी पाहिलं, त्याचं भांडण काय, घरात खरं काय चालतं. खाली एकच वाक्य : या माहितीवर प्रतिकूल शेरा दिल्यास तो कायद्यात टिकणार नाही. साहेबांनी ते दोनदा वाचलं, आणि अनुकूल शेरा मुदतीच्या आत गेला. मुलीला नेमणूक मिळाली.

बाईंचा करार मात्र त्या महिन्यात नवा झाला नाही. कारण कोणी सांगितलं नाही. धोरण म्हणे. त्यांनी टेबलातली पुस्तकं पिशवीत भरली, माझ्याकडून ती रिक्षापर्यंत उचलून घेतली आणि रिक्षावाल्याशी मीटरवरून हुज्जत घालत निघून गेल्या. मला फार वाईट वाटलं.

पुढे त्या पुन्हा दिंडोशीच्या कोर्टात उभ्या राहू लागल्या. मी अधूनमधून जायचो. एकदा कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा पिताना मी म्हटलं, बाई, त्या मुलीला एकदा सांगू या की तुमच्यामुळे तिची नोकरी वाचली. किमान पेढे तरी मिळतील.

बाईंनी कप खाली ठेवला. "आणि सांगणार काय? तुझ्यावर संशय होता, तो आम्ही काढला? अरे, संशय होता हेच तिला माहीत नाही. तो आता तिच्या घरात नेऊन ठेवायचा? मग जन्मभर ती शेजाऱ्यांकडे बघत बसेल, यातलं कोण बोललं म्हणून. आणि तिचा बाप औषध देणं बंद करील."

एवढं बोलून त्यांनी माझ्या कपातला उरलेला चहाही पिऊन टाकला.

गेल्या वर्षी बाई गेल्या. आजार नाही, काही नाही, सकाळी उठल्याच नाहीत. घाटकोपरला त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा होती. शेजारी एकेक करून बोलले. सगळे भाडेकरारांबद्दलच बोलत होते! मग उलगडा झाला. आमच्याकडे असताना बाईंनी शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं की मी सरकारी जागांचे भाडेकरार तपासते. झालं, सोसायटीत ज्याला ज्याला भाडेकरू ठेवायचा असेल तो कागद घेऊन बाईंच्या दारात. त्यांनीही ते बिनतक्रार तपासले. एक आजोबा डोळे पुसत म्हणाले की बाईंच्या नजरेखालून गेलेल्या करारात कधी तंटा झाला नाही.

मला राग आला. रडूही आलं. या बाईनं काय काय केलं ते या हॉलमध्ये फक्त मला ठाऊक, आणि मला बोलायची बंदी. एका तरी माणसाला कळायला हवं असं मी घरी येईपर्यंत घोकत राहिलो. मग ठरवलं, त्या मुलीला सांगायचं. बाईंच्या मागे आता त्यांचं ऐकायचं कारण नव्हतं.

ती विमानतळावर असते, हे मी शोधून काढलं. निवृत्त झालो तरी तेवढं जमतं. नागपूरला मुलीकडे जायचंच होतं. अंधेरीहून वेळेच्या बराच आधी निघालो आणि ती ज्या दारावर होती त्याच रांगेत उभा राहिलो.

गणवेशात ती थोराड दिसत होती. मला तिनं ओळखलं नाही. माझं ओळखपत्र घेतलं, फोटो पाहिला, मला पाहिलं.

"काका, टोपी काढा."

काढली. तिनं पुन्हा पाहिलं, मग तिकिटावरचं नाव एकेक अक्षर जुळवून वाचलं. मागच्या कुटुंबाची कुरकुर सुरू झाली तरी तिनं घाई केली नाही. माझं वाक्य जिभेवर तयार होतं : तुमच्याशी एका बाईंबद्दल बोलायचंय.

ओळखपत्र परत मिळूनही मी हललो नाही तेव्हा तिनं वर पाहिलं. स्वच्छ, निर्धास्त नजर. आपल्याबद्दल कधी कोणी काही वाईट कुजबुजलं असेल, हे त्या डोळ्यांच्या गावीही नव्हतं.

"काही विचारायचंय का, काका?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही."

"मग पुढे व्हा."

मी टोपी हातात धरून पुढे झालो.