तासाभराची वाट

वाट किती लांबची, त्यावर आमची वहिनी शिदोरी ठरवायची. कणकवलीपर्यंत निघालेल्याला दोन घावणे. रात्रीच्या एसटीने पुण्याला जाणारा असेल तर घावण्यांची चळत, सुक्या बांगड्याची चटणी आणि "वाटेत गाडी बिघडली तर?" म्हणून वर चार जास्त. मिठबावातल्या तिच्या घरातून कुणी रिकाम्या हाताने गेलं नाही. मी तिचा धाकटा दीर, पुण्यात स्थायिक झालेला, मीही नाही.

मग आमच्या जिल्ह्यात विमान आलं. पुणे सरळ रेषेत तीनशे किलोमीटरही नाही, उड्डाण तासाभराचं. वहिनीला ते खरंच वाटेना. "भावजी, तासाभरात माझी पेज होता. तेवढ्यात तुमी पुण्याक?" एसटीने यायचो तेव्हा आठ-आठ दिवस राहायचो. आता एका रात्रीत परतू लागलो. ती म्हणाली, "लांब होतास तेव्हाच बरे होतास."

पहिल्याच फेरीत तिने दिलेलं पुडकं विमानात वरच्या कप्प्यात ठेवलं आणि बांगड्याचा वास सुटला. पुढच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला. पुडकं माझं नव्हेच, अशा चेहऱ्याने मी बसून राहिलो आणि पुण्यात उतरल्यावर ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं. पुढच्या खेपेला वहिनीला सांगितलं, "विमानात घरचं खाणं चालत नाही." चालतं.

तिने वाद घातला नाही. रिक्षा दारात आली तेव्हा शेजारची शालन कुंपणावरून ओरडली, "काय गो वयनी, दिराक रिकाम्या हातान धाडतंस?"

वहिनी हसली. "एका तासाची वाट ती! भूक लागाक वेळ खंय मेळता?"

दिराने तिचं अन्न नाकारलं, हे तिला वाडीला कळू द्यायचं नव्हतं. पण ते वाक्य वाडीभर फिरलं. म्हातारपणी वहिनीचा हात आखडला, असं लोक बोलू लागले. तिच्या तोंडावरही थट्टा करत. मी समोर असलो तर ती माझ्याकडे बघायची नाही. मीही गप्प बसायचो.

गेल्या वैशाखात ती गेली. बाराव्याच्या पंगतीत कुणीतरी तेच वाक्य टाकलं आणि हशा पिकला. मी हातातला घास खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. चंद्रभागा वहिनी कंजूष नव्हती. शिदोरीला मीच नको म्हटलं होतं.

शालन वाढत होती. तिने पातेलं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "तुमची रिक्षा वळली काय वयनी तुमच्यासाठी फडक्यात बांधलेली शिदोरी तशीच घेवन माझ्याकडे येयची. दर खेपेक. 'जास्त झाला गो, पोरांका घाल,' म्हणाची. आमी खाल्लव. आणि हसलव पण."

ती पातेलं घेऊन आत गेली. त्यानंतर पंगतीत कुणी काही मागितलं नाही.