गादी वाचली, व्याही भिजले

माझ्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मी बाळापूर दाखवता दाखवता जवळजवळ मोडलं होतं.

तिकडे अमेरिकेत लोकांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या आणि इकडे आमच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. तिकडचा कापूस अडला आणि आमच्या कापसाला असा भाव आला, की अकोल्याजवळच्या आमच्या गावात जो तो शहाणा झाला. (मी जरा जास्तच!) अशात अमरावतीचे सखारामजी आमच्या गोदीला आपल्या मुलासाठी पाहायला आले. पोरगी पसंत पडली. पण माणसं कशी आहेत ते पाहून मग सुपारी फोडू, म्हणून त्यांनी मुक्काम ठोकला.

"इवायाले बाळापूर दाखवून आनतो," मी बायकोला म्हणालो.

"तुमी तरी पायलं का कवा?"

"कापूस घेऊन दहा खेपा गेलो ना!"

"तवा कापसावरून नजर हटली व्हती का?"

बायकांना काय कळतं! मी दमणी जुंपली. व्याह्यांना बसायला खास गादी केली, आत निवडक पांढराशुभ्र कापूस. तो दिसावा म्हणून एका कोपऱ्याची शिवण मुद्दाम उसवून ठेवली!

नदीकाठी राजाची दगडी छत्री लागली.

"कोन्या राजाची जी?" सखारामजींनी विचारलं.

"मोठा व्हता."

"इथं कावून बांधली?"

"बसाले."

सखारामजींनी पागोटं सरकवून डोकं खाजवलं. माझं ज्ञान पाहून थक्क झाले असावेत.

बाळापूरचा किल्ला पलीकडून झकास दिसतो, असं ठोकून देऊन मी दमणी नदीत घातली. मधोमध चाक खड्ड्यात गेलं, गाडी कलंडली आणि सखारामजी कमरेएवढ्या पाण्यात! मागोमाग गादी घसरली.

आता माझी बाजू ऐका. सबंध हंगामभर मी नदीतून कापूस नेलेला. ओल्या मालाला बाजारात कोणी हात लावत नाही. गाडी कलली की कापूस धरायचा, एवढंच हातांना ठाऊक! मी गादी धरली. दुसऱ्या टोकाला सखारामजी लोंबकळत होते.

"सोडा ना जी, वली हून राहिली!" असं ओरडून मी त्यांची बोटं सोडवली आणि गादी डोक्यावर घेऊन काठ गाठला. उन्हात पसरली, कोपरा पिळला.

"अवो भाऊ," तिथं धुणं धुणारी बाई म्हणाली, "तुमचा मानूस राहिला ना पान्यात!"

गोदीचं लग्न बुडालं! सखारामजी निथळत वर आले. पागोटं केव्हाच वाहून गेलं होतं. गादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"फोडा सुपारी," ते म्हणाले. "कापसाले इतकं जपता, त पोरीले बी जपलंच असन."

लग्न थाटात झालं. पण आजही माझ्या गाडीत बसून नदी ओलांडायची असली, की सखारामजी आधी उपरण्यानं गादी पोटाशी घट्ट बांधतात.

"हे वाचन, त मी बी वाचीन!"

खरं सांगू? त्यांनी मला बरोबर ओळखलंय!