बेटावरचे रोडगे

आमच्या अख्ख्या गावात रोडग्याचा खरा जानकार कोन, तं मी. म्हंजे खान्याचा, भाजाले दुसरे लोक असतात, मी बाजीवर बसून "पलटव रे, जयून राहिला" एवढंच सांगतो. तेवढ्यावरून मले वाटे, आपल्याले भाजताबी येते.

झालं असं, का पोरगी अमरावतीले नोकरीवर हाये. तिनं मोबाईलवर पाहून आमच्या दोघाईसाठी दोन दिसाचं घर भाड्यानं घेतलं. धरनाच्या पान्यात एक टेकडी उभी हाये, चारी आंगानं पानी, अन् वर एकच घर. बोटीनं जा लागते. तथी गडी नाई, बाई नाई, हॉटेल नाई. खानं आपलं आपनच कराचं.

हे आयकल्याबरोबर बायको म्हने, "मंग मी कायले येऊ? इथीबी चूल, तथीबी चूल. चुलीपुढे बसाले बोटीत कायले बसू?"

तिचं खरं होतं. लग्न-तेरवीची पंगत सोडली तं तिनं दुसऱ्याच्या हातचं ताट कधी घेतलंच नाई. मी छाती ठोकून सांगतलं, "तू खुर्चीवरून उठाचंच नाई. मी रोडगे करतो."

"उठा लागलं तं मी सकाऊनच्या बोटीनं वापस," ती म्हने, "अन् पुन्हा मले कुठी चाल म्हनू नका."

पीठ, तूप, वांगे अन् गवऱ्याचं पोतं घेऊन आमी निंगालो. रोडगा म्हंजे कनकीचा थरावर थर देल्लेला गोया. तो गवऱ्याच्या आरावरच, लाल निखाऱ्यातच, भाजला पाह्यजे. बोटवाल्यानं पोत्याकडे पाह्यलं.

"काका, घरात गॅस हाये."

"गॅसवर चहा होते," मी म्हनलो.

"तुमची मर्जी. पन फरशीवर जाय पेटवू नका. खाली उघडा मुरूम हाये, तथी करा." अन् तो निंगून गेला. आता सकाऊनपर्यंत बेटावर आमी दोघंच.

घर मस्त होतं. लाल कौलं, पडवी, पडवीत वेताची खुर्ची. आवाज म्हनसान तं पाखराचा, नाई तं माह्या खोकल्याचा. बायको खुर्चीत बसली अन् पाय कठड्यावर ठेवले. इतक्या वर्सात तिचे तयवे असे निवांत मी पाह्यलेच नव्हते.

वांग्याची भाजी गॅसवर टाकली अन् कनिक मयाले बसलो. थोड्या थोड्या येळानं पडवीत जाऊन इचारे.

"मीठ किती?"

"चिमटी."

"पानी जास्त झालं न वं."

"पीठ टाका."

"आता पीठ जास्त झालं."

"मंग व्याह्याईले बलावा जेवाले." पन उठली नाई.

आमच्याकडे वावर कसं, पाटासारखं सपाट. वस्तू ठेवली तथीच राह्यते. मी त्याच हिशोबानं घराखालच्या उतारावर गवऱ्या रचल्या, आर झाला, रोडगे लावले. मंग काडीनं जरासं उकरलं, तं सारा ढीग खाली सरकला अन् एक रोडगा बाहेर निंगाला. निंगाला तो थांबेच ना. उड्या मारत टेकडी उतराले लागला. त्याच्या मांगं दुसरा. मंग सारेच, जशी शाया सुटली.

मी मांगं धावलो. "धरा, धरा!" म्हनून बोंबललोबी. बेटावर धरनारं कोन होतं?

वरून बायकोचा आवाज आला, "बोरीपाशी एक अटकला! डाव्या आंगाले पाहा, डाव्या!"

तो धराले गेलो तं असा चटका बसला का हातातून फेकला. तो पुन्हा चालाले लागला. माहा पाय मुरमावरून घसरला अन् मी बसल्या बसल्याच पान्यापर्यंत गेलो. एक रोडगा माह्या आंधी पोचला होता. डुबुक!

जे सापडले ते दुपट्ट्यात बांधले अन् ठाई ठाई बसत, धापा टाकत वर आलो. बायको पोट धरून हासून राहिली होती, डोयातून पानी वाहे, पन खुर्ची काई सोडली नव्हती.

रोडगे फोडले. एका आंगानं कोयसा, दुसऱ्या आंगानं कच्ची कनिक. मुरूम झटकला, मधातला बरा भाग काढला, वरून तूप वतलं, भाजी वाढली अन् ताट तिच्या हातात नेऊन देल्लं. ती खाले लागली. दातात खडा आला तं काढून कठड्यावर ठेवला, पन खाल्लं. अन् वरून आनखीन मांगतलं.

झालं, माही छाती पुन्हा फुगली. म्हनलं, "पाहा, उठा लागलं का तुले? भेटला न आराम?"

"भेटला," ती म्हने, "तुमी टेकडीखाली गेलते तेवढा येळ."